गरगरणाऱ्या रुग्णाचे डोळे काय सांगतात

पहाटे कूस बदलताना खोली गरगर फिरू लागते, उलट्या होतात आणि घरचे घाबरून रुग्णाला कॅज्युअल्टीत आणतात. ‘बीपी लो झालं असेल’, ‘मानेचे मणके झिजलेत’ ही कारणं आपल्याकडे लगेच पुढे येतात. एक इंजेक्शन दिलं जातं, डोक्याचा सीटी स्कॅन होतो. अशा चक्करेचं मूळ शोधायचा रस्ता मात्र फार जुना आहे आणि तो रुग्णाच्या डोळ्यांतून जातो.

१८६१ पर्यंत युरोपातही अचानक आलेली भोवळ म्हणजे मेंदूत रक्त साचणं, असंच बहुतेक डॉक्टर मानत. त्या वर्षी पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी वैद्यक अकादमीपुढे सांगितलं की दोष आतल्या कानात असू शकतो. कबुतरांच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना इजा केली की त्यांचा तोल जातो, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्लुरांस यांनी १८२० च्या दशकातच दाखवलं होतं. पण रुग्णांच्या बाबतीत तो धागा कोणी ओढला नव्हता.

पुढे व्हिएन्नात रॉबर्ट बाराणी रुग्णांचे कान पाण्याने धुवत असत. गार पाण्याने चक्कर येते अशी तक्रार आली. पाणी जास्त गरम झालं तरी चक्कर आलीच, पण या वेळी डोळ्यांची लयबद्ध थरथर उलट दिशेला होती! त्यातून आतला कान तपासायची पद्धत मिळाली. १९१४ सालचं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

१९५२ मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी एक साधी तपासणी नीट मांडली. रुग्णाची मान ४५ अंश वळवून त्याला झटकन असं आडवं करायचं की डोकं किंचित खाली लोंबेल. काही सेकंदांत डोळे थरथरू लागले आणि मिनिटाच्या आत थांबले, तर आतल्या कानातलेच कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटून तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असण्याची दाट शक्यता. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एप्ली यांनी डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून हे कण बाहेर काढायची युक्ती शोधली. सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. त्यांचा शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं. काही मिनिटांत, एकही गोळी न देता, पुष्कळ रुग्ण बरे होतात!

खरी कसोटी लागते ती तासन् तास न थांबणाऱ्या चक्करेत. कानाच्या मज्जातंतूला सूज आहे की लहान मेंदूचा स्ट्रोक? सिडनीच्या हाल्माग्यी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये दिलेली चाचणी इथे उपयोगी पडते. रुग्णाने डॉक्टरांच्या नाकावर नजर ठेवायची आणि डॉक्टरांनी त्याचं डोकं थोडंसंच, पण झटकन वळवायचं. कान बिघडला असेल तर नजर निसटते आणि उडी मारून परत नाकावर येते. नजर अजिबात निसटली नाही, तर ऐकायला उलटं वाटेल, पण काळजी तिथेच आहे: कान शाबूत असेल तर दोष मेंदूत असू शकतो. २००९ मध्ये कत्ताह, न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी याला आणखी दोन खुणा जोडल्या: बघण्याची दिशा बदलली की थरथरीची दिशाही बदलणं, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा खाली असणं. त्यांनी तपासलेल्या १०१ रुग्णांत या तपासणीतून एकही स्ट्रोक सुटला नाही. पहिल्या ४८ तासांतल्या एमआरआयमधून मात्र काही सुटले. सीटी तर या भागात त्याहून कमी भरवशाचा. ही तपासणी सतत चक्कर आणि डोळ्यांची थरथर असलेल्यांसाठीच आहे, आणि तिला शिकलेला हात लागतो. म्हणून २०२३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत आपत्कालीन डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर भर आहे.

आपल्याकडे कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक तरुण डॉक्टरला हे हाताने करून शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. प्रोक्लोरपेराझिनसारख्या औषधांनी पहिल्या एक-दोन दिवसांत उलट्या थांबतात, तेवढं ठीक. ती आठवडेच्या आठवडे चालू ठेवली, तर बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायला मेंदूला उलट जास्त वेळ लागतो.