मोती-शिंपला आणि डर्बीशर शेवाळी

मोती-शिंपला (मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा) आणि डर्बीशर शेवाळी (थॅम्नोब्रियम अँगुस्टिफोलियम, म्हणजे 'मॉस' गटातली एक छोटी वनस्पती) या ब्रिटनमधील दोन संकटग्रस्त जाती. दोघींनाही स्वच्छ, वाहते पाणी लागते. पण त्या दुर्मिळ झाल्या त्या अगदी वेगळ्या रीतीने.

मोती-शिंपला युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील नद्यांत आढळतो. कॅल्शियम कमी असलेले मृदू पाणी त्याला मानवते. खडीत अर्धाअधिक रुतून, शिंपल्या किंचित उघड्या ठेवून तो पाणी आत ओढतो आणि त्यातले अन्नकण गाळून घेतो. सहज शंभरी ओलांडतो. त्याचे जीवनचक्र मात्र माशावाचून पुरे होत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस मादी लाखो सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडते. सॅमन किंवा ट्राउटच्या पिलाच्या कल्ल्याला जी चिकटेल तीच तगते. कल्ल्याची ऊती तिच्याभोवती वाढते, हिवाळा तिथेच जातो आणि वसंतात ती सुटून खडीत उतरते. पुढची काही वर्षे पिल्लू खडीच्या आतच असते. शेतातली माती वाहून येऊन खडीच्या फटी बुजल्या की ते गुदमरते. त्यामुळे नदीत शिंपले पुष्कळ दिसत असले, तरी सगळे म्हातारेच असू शकतात. केवळ संख्येवरून या जातीची प्रकृती जोखू नये, वये पाहावीत. मोत्यांच्या हव्यासानेही त्याचा मोठा संहार केला. एका मोत्यासाठी असंख्य शिंपले फोडले जात. ब्रिटनमध्ये 1998 पासून त्याला पूर्ण कायदेशीर संरक्षण आहे.

शेवाळीची गोष्ट जागेची आहे. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, चुनखडीच्या एका दरीतल्या झऱ्यालगतच ती वाढते. जगात अन्यत्र ती माहीत नाही. सगळी वसाहत जेमतेम काही चौरस मीटरची. तिला मासा लागत नाही, खरी मुळेही नाहीत. पाणी आणि क्षार ती पानांवाटेच शोषते. म्हणून झरा आटला किंवा दूषित झाला, तर एका घटनेत सारी जात संपू शकते. 1981 च्या वन्यजीव कायद्याचे कवच तिलाही आहे.

इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवराजवळ मोती-शिंपल्यांची पिल्ले माशांच्या आधाराने वाढवली जातात. मात्र गाळाने भरलेल्या नदीत ती सोडून उपयोग नाही. आधी काठची शेती आणि नदीचा तळ सुधारावा लागतो. शेवाळीसाठी जपायचा तो तिचा एकुलता एक झरा, आणि त्याला पाणी पुरवणारे भूजल.