चाळिशीनंतर हातचं काम शिकायचंय? नागपुरात पैशाची सोय कशी लावायची, कोण पात्र आणि कागदं कोणती

वय पंचेचाळीसच्या आसपास, बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीतली नोकरी सुटलेली, आणि आता एसी रिपेअरिंग, वायरिंग, वेल्डिंग असं काहीतरी शिकून घ्यावं असं मनात असेल तर बहुतेक लोक पहिले फीचं विचारतात. पण शासकीय आयटीआयची फी काही घर विकायला लावत नाही. खरा खर्च म्हणजे शिकता तितके महिने घरात पगार येत नाही, तो. किराणा, पोरांची शाळा, गाडीचा हप्ता थांबत नाही ना. म्हणून योजना बघताना कोर्सची फी कोण भरतं आणि मधले महिने कशावर काढायचे, हे दोन हिशोब वेगळे मांडा, नाहीतर अर्धा कोर्स करून सोडायची वेळ येते.

आता वय. इथेच निम्मे लोक परत फिरतात कारण कोणीतरी काउंटरवर सांगतं "तुमचं वय गेलं", आणि ते सगळ्याच योजनांना लागू धरून घरी येतात. तसं नाहीये. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 18 ते 35 वयासाठी आहे, ती सोडून द्या. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात नवीन शिकायच्या शॉर्ट टर्म कोर्सला 15 ते 45 वय धरलंय, पण त्याच योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात त्याला, म्हणजे आरपीएलला, 59 पर्यंत चालतं. आणि आयटीआयच्या प्रवेशाला कमीत कमी वय 14 आहे, जास्तीत जास्त वयाची अटच नाही. पन्नाशीतला माणूससुद्धा नियमाने फॉर्म भरू शकतो, कोणी नाही म्हटलं तर प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडून वयाचा नियम दाखवायचा.

आयटीआयचा प्रवेश ऑनलाइनच होतो, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून. दहावीचा निकाल लागला की नोंदणी सुरू होते, मग ट्रेड आणि संस्थेचे विकल्प भरायचे, गुणवत्ता यादी लागते, फेऱ्या होतात. तुमचे दहावीचे मार्क तीस वर्षांपूर्वीचे असले तरी तेच धरतात. दहावी नापास असाल तरी वायरमन, वेल्डर अशा ट्रेडला जाता येतं. वेल्डर एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर आणि रेफ्रिजरेशन-एसी हे दोन वर्षांचे. दिवसभर हजेरी लागते हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, घरात दुसरं कमावणारं कोणी नसेल तर दोन वर्षं जड जातात. अशा वेळी शासकीय आयटीआयमध्येच कमी मुदतीचे कोर्स चालतात, श्रद्धानंद पेठेच्या आयटीआयमध्ये जाऊन सध्या कोणती बॅच आहे ते स्वतः विचारून या. खासगी आयटीआयमध्ये केंद्रीय प्रवेशातून नंबर लागला तर फीची प्रतिपूर्ती महाडीबीटीवरून, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून, मागता येते, त्याला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं. पण थेट मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून घुसलात तर ही प्रतिपूर्ती विसरा.

माझं मत सरळ आहे, काम आधीच हाताला असेल तर पहिले आरपीएल करा. आपल्याकडे असे कितीतरी लोक आहेत जे दहा-पंधरा वर्षांपासून मार्च लागला की कूलरच्या मोटरी, पंप, एसीचं सर्व्हिसिंग करतात पण हातात कागद नाही म्हणून मिहानमधल्या मेंटेनन्सच्या कामाला ठेकेदार घेत नाही. त्यांना दोन वर्षं परत वर्गात बसायची गरज नाही. स्किल इंडिया डिजिटल हबवर आधार आणि मोबाइलने नोंदणी करायची आणि जवळ कोणतं केंद्र, कोणती बॅच उघडी आहे ते बघायचं. समजत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, आपण पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायचो तेच, तिथे जाऊन विचारायचं. राज्याच्या 'महास्वयं' या रोजगाराच्या पोर्टलवर नोंदणी नसेल तर तीही करून टाका.

सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, चांभार, कुंभार, सोनार असे 18 पारंपरिक व्यवसाय पीएम विश्वकर्मात येतात. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली ही योजना मधल्या वयातल्या माणसाला सगळ्यात सोयीची आहे कारण वय फक्त 18 च्या वर पाहिजे आणि प्रशिक्षणाच्या काळात रोजचे 500 रुपये मिळतात. बेसिक प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचं, पुढचं 15 दिवस किंवा जास्त, अवजारांसाठी 15,000 पर्यंतचं व्हाउचर, आणि नंतर 5 टक्के व्याजाने पहिले 1 लाख, ते फेडले की 2 लाख कर्ज, तारण नाही. पण नोंदणीच्या दिवशी तुम्ही ते काम स्वतः करत असायला पाहिजे, म्हणजे नव्याने शिकायला येणाऱ्यासाठी ही नाही. घरातून एकालाच मिळते, सरकारी नोकरीवाल्याच्या घराला नाही, आणि मागच्या 5 वर्षांत पीएमईजीपीसारखं (धंद्यासाठीची सरकारी योजना) कर्ज घेतलं असेल तरीही नाही, मुद्रा किंवा स्वनिधी पूर्ण फेडलं असेल तर चालतं. अर्ज सीएससी सेंटरवर करायचा, आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन जा. मग पहिली तपासणी गावात ग्रामपंचायत करते, शहरात महापालिका.

कंपनी बंद पडून किंवा कपात होऊन घरी बसलेल्यांनी अजून एक गोष्ट बघायचीच बघायची, ती बहुतेकांना कोणी सांगतच नाही. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात होता का? असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, 2005 पासूनची. कारखाना बंद किंवा कपात झाली तर बेरोजगारी भत्ता मिळतो, पहिले 12 महिने सरासरी रोजाच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के, आणि त्यासोबत नवीन कौशल्याचं प्रशिक्षण घेतलं तर त्याची फी आणि जाण्या-येण्याचा खर्चही ईएसआयसी देते. वर जे मधल्या महिन्यांचं म्हटलं ना, तो प्रश्न सोडवणारी ही जवळपास एकच योजना आहे. स्वतः राजीनामा दिलेल्याला किंवा व्हीआरएस घेतलेल्याला मिळत नाही. म्हणून कंपनी "राजीनामा लिहून दे, हिशोब लवकर करून देतो" म्हणत असेल तर सही करायच्या आधी ईएसआयसीच्या शाखेत विचारून या, त्या एका सहीने दोन वर्षांचा भत्ता जातो. कपातीचं पत्र, आयपी नंबर (ईएसआयसीचा तुमचा विमा क्रमांक), पगाराच्या स्लिपा सगळं जपून ठेवा.

एवढं करूनही कमी पडलं तर मग कर्ज. मॉडेल स्किल लोन म्हणून योजना आहे, जुलै 2024 मध्ये तिची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाख केली. तारण लागत नाही, परतफेड कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होते. कोर्स मान्यताप्राप्त, एनएसक्यूएफशी (कौशल्य कोर्सेसची राष्ट्रीय श्रेणी-चौकट) जोडलेला पाहिजे, म्हणून आधी प्रवेशपत्र आणि संस्थेच्या लेटरहेडवर फीचा तक्ता घ्या, मग बँकेत जा. पॅन, आधार, सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं आणि बँक सहकर्जदार मागू शकते, या वयात तो बहुतेक नवरा किंवा बायको असते, तर घरी आधी बोलून घ्या. पीएफ मोडायचा विचार सगळ्यात शेवटी.

आता कागदं, कारण अर्ज अडतो तो इथेच. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मार्कशीट पेटीत कुठे आहे ते आजच शोधा, हरवली असेल तर बोर्डाकडून दुसरी प्रत मागवता येते पण वेळ जातो. दाखल्यावर देविदास आणि आधारवर देवीदास असं असेल तर फॉर्म तिथेच अटकतो. कोणतं नाव सगळीकडे ठेवायचं ते ठरवा आणि आधार दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत लागते, ती सोबतच ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, आपले सरकार किंवा सेतूवरून. दाखला द्यायची मुदत 15 दिवसांची आहे पण जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी असते, आणि मार्चमध्ये काढला तर 31 मार्चला संपतो, म्हणून एप्रिलमध्येच काढा. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी दाखला काढताना जे प्रतिज्ञापत्र लागतं त्याला 500 रुपयांचा स्टँप पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, कोणी घ्यायला लावला तर नाही म्हणा.

बँक खात्याचंही बघून घ्या. बँकवाला "आधार लिंक आहे" म्हणतो तेवढ्यावर थांबू नका, सरकारी पैसा आधारला सीड केलेल्या, म्हणजे अनुदान यायला आधारशी जोडून ठेवलेल्या, खात्यात जातो आणि ते कधी कधी जुन्या कंपनीचं बंद पडलेलं सॅलरी खातं निघतं. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे ज्या बँकेचं नाव दिसतं तिथेच पैसे येणार. चुकीची असेल तर पाहिजे त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या, आणि ते बदलल्याचं स्टेटसमध्ये दिसल्यावरच महाडीबीटीचा अर्ज सबमिट करा.