वर्गातला छापखाना: न लिहिणाऱ्या मुलांसाठी झालेला एक प्रयोग

निबंधाची वही एकच माणूस वाचतो, तोही चुका शोधायला. मुलं लिहायला टाळतात त्यामागे आळसापेक्षा हे कारण मोठं आहे, आणि फ्रान्समधल्या सेलेस्तीन फ्रेने या शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी नेमकं त्यावरच काम केलं.

पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्याने फ्रेनेंना वर्गात फार वेळ बोलता येत नसे. 1920 मध्ये ते दक्षिणेकडच्या बार-सुर-लू गावी रुजू झाले. मुलांना गावात फिरवून आणायचं आणि पाहिलेलं फळ्यावर लिहायचं, हे त्यांनी सुरू केलं. पण फळा पुसला की सगळं संपायचं. म्हणून 1924च्या सुमारास त्यांनी एक छोटं हातछपाई यंत्र आणलं.

मुलं हव्या त्या विषयावर लिहीत आणि वर्गात वाचून दाखवत. मतदानाने एक मजकूर निवडला जाई. तो फळ्यावर उतरवून, लिहिणाऱ्याला विचारत, सगळे मिळून दुरुस्त करत. मग एकेक ओळ उलट्या खिळ्यांनी (छपाईच्या सुट्या अक्षरठशांनी) जुळवायची, शाईचा रूळ फिरवायचा, कागद दाबायचा. खिळे मोजकेच, त्यामुळे मजकूर आपोआप आखूड. एक अक्षर चुकलं की प्रत्येक प्रतीत चुकणार, म्हणून शुद्धलेखन मुलं स्वतःहून तपासत. एक प्रत स्वतःच्या संग्रहात जाई, बाकीच्या फ्रान्सच्याच पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या समुद्रकाठच्या त्रेगँक गावच्या शाळेला. तिकडून उत्तरं येत, प्रश्नही येत. आपलं डोंगरातलं गाव न पाहिलेल्याला समजेल असं लिहायचं, तर तपशील द्यावाच लागतो.

या पद्धतीत बिघाड होतो तो ठरावीक जागी. ‘मुक्तलेखन’ वेळापत्रकात दर सोमवारी बसवलं, की प्रत्येक वहीत रविवारचाच वृत्तांत येतो. मतदानात बोलकी मुलंच पुन्हा पुन्हा निवडून येतात. सामूहिक दुरुस्ती लांबली, तर मूळ मुलाचं एकही वाक्य शिल्लक राहत नाही. आणि खरंखुरं लिहू दिलं की मोठ्यांना झोंबतंही: पुढे फ्रेने शिकवत होते त्या सेंट-पॉल गावात एका मुलाचं महापौरांबद्दलचं स्वप्न छापलं गेलं आणि ते तिथल्या वादात फ्रेनेंविरुद्ध वापरलं गेलं. अखेर त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि 1935 मध्ये वॉन्सला स्वतःची शाळा काढली.

मराठी शाळांत हस्तलिखिताची प्रथा जुनी आहे. बहुतेकदा मात्र सुवाच्य अक्षराची दोन-तीन मुलं ते लिहून काढतात. स्नेहसंमेलनात मिरवलं, की कपाटात. त्यापेक्षा ए-फोर कागदाला तीन घड्या घालून मध्ये एक काप द्यावा; आठ पानांची पुस्तिका होते. सगळा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला येत असल्याने एका मूळ प्रतीवरून हव्या तितक्या झेरॉक्स निघतात आणि शेजारच्या गावच्या शाळेला त्याच आठवड्यात पाठवता येतात. मूळ प्रत काळ्या पेनानेच लिहावी, पेन्सिलीचं फिकट उमटतं. चारी कडांना बोटभर जागा सोडावी, नाहीतर काठावरची अक्षरं कापली जातात.