मेल राउटिंग, भिन्न संगणक जाळ्यांमधील

मेल राउटिंग : एका संगणक जाळ्यातून निघालेली ई-मेल वेगळ्या रचनेच्या किंवा वेगळ्या मालकीच्या जाळ्यातील पेटीपर्यंत कोणत्या सर्व्हरमार्गे जावी, हे मेल सर्व्हरमध्ये ठरवून देण्याची पद्धत. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या सीमाभागात तिची गरज विशेष जाणवते. २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्थेची मुख्य कचेरी निपाणीत आणि शाखा कागल, गडहिंग्लज, चंदगडला असू शकते. दोन्हीकडची जाळी निरनिराळ्या सेवादारांची असली, तरी ग्राहकाला संस्थेचा पत्ता एकच दिसावा लागतो.

आरंभ : यंत्राचे नाव आणि व्यक्तीचे नाव @ या चिन्हाने जोडण्याची रीत रे टॉमलिन्सन यांनी आर्पानेट या अमेरिकेतील आद्य संगणक जाळ्यावर, बहुधा १९७१ च्या उत्तरार्धात, रूढ केली. त्यानंतर काही वर्षांनी बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी यूयूसीपी लिहिले. टेलिफोनवरून एका यंत्राने दुसऱ्याला फाइली पोचवण्याची ही सोय १९७६ ते १९७८ च्या दरम्यानची मानतात. तिचा प्रसार मात्र युनिक्स या संगणक-प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर झाला. यूयूसीपीत संपूर्ण मार्ग पत्त्यातच, उद्गारचिन्हांनी तोडून, लिहावा लागे. १९८१ मध्ये बिटनेट आणि सीएसनेट ही विद्यापीठीय जाळी आली आणि जाळ्याजाळ्यांच्या सीमेवर मेलची देवघेव करणारे गेटवे सर्व्हर उभे राहिले.

मिश्र पत्त्यांचा वाद : या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग हाच. यंत्रांना येथील गावांची नावे आहेत असे समजू. ‘निपाणी!लिपिक@चिकोडी’ या पत्त्याचे दोन अर्थ निघतात. यूयूसीपीच्या रीतीने डावीकडून वाचल्यास मेल आधी निपाणीला जाते आणि निपाणी ती चिकोडीच्या लिपिकाकडे धाडते. ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२२ (इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी एक) प्रमाणे @ नंतरचे नाव प्रथम धरल्यास ती आधी चिकोडीला पोचते आणि तेथून निपाणीच्या लिपिकाकडे वळते. एकच ओळ, पण पेट्या दोन. वाटेतील दोन सर्व्हर निरनिराळ्या मताचे असतील, तर मेल भलत्याच लिपिकाच्या हाती पडे किंवा दोघांत फिरत राही. फेब्रुवारी १९८६ च्या आरएफसी ९७६ चा कल @ ला अग्रक्रम देण्याकडे आहे. दोन मतांपैकी हेच टिकाऊ ठरले, कारण त्यात मधल्या सर्व्हरला @ च्या डावीकडचा मजकूर समजून घेण्याची गरज उरत नाही. ‘लिपिक%निपाणी@चिकोडी’ ही पळवाटही काही काळ चालली. तीत चिकोडीचा सर्व्हर % च्या जागी @ घालून मेल पुढे धाडी. पुढे नको असलेल्या जाहिराती पाठवणाऱ्यांनी या सोयीचा गैरफायदा घेतला आणि ती बंद करावी लागली.

अशा पत्त्यांचे पुनर्लेखन करण्यासाठी बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा आरंभ काही जण त्याच्या आधीच्या, १९७९ च्या डेलिव्हरमेलपासून मोजतात. डेलिव्हरमेलमध्ये राउटिंगचे नियम प्रोग्रॅममध्येच गोठवलेले असत, तर सेंडमेलने ते वेगळ्या फाइलीत आणले. म्हणून ४.१सी बीएसडी या बर्कलीच्या युनिक्सबरोबरचे १९८३ हे साल धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पत्ता आणि मार्ग यांची फारकत : जानेवारी १९८६ च्या आरएफसी ९७४ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी एमएक्स नोंदींचे, म्हणजे एखाद्या डोमेनची (@ नंतरच्या नावाची) मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यावी हे सांगणाऱ्या नोंदींचे, नियम मांडले. पत्त्याने फक्त ठिकाण सांगावे, मार्ग डीएनएसने (नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेने) सांगावा, हे तत्त्व येथे पक्के झाले. नोंदीतील लहान आकडा आधी वापरतात. स्वतःचे नाव यादीत सापडल्यास सर्व्हरने स्वतःच्या आणि त्याहून मोठ्या आकड्याच्या साऱ्या नोंदी वगळायच्या असतात. मेल दोन सर्व्हरांत घुटमळत राहू नये यासाठी हा नियम आहे, आणि तो जितका साधा तितकाच मोलाचा आहे.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ईआरनेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याचा प्रारंभीचा मेल व्यवहार यूयूसीपीवर चाले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने खुले केले.

मांडणी : पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅममध्ये हे काम ट्रान्सपोर्ट तक्त्यात होते. डाव्या रकान्यात शाखेचे डोमेन, उजव्या रकान्यात पुढचा सर्व्हर. सर्व्हरचे नाव चौकटी कंसात घातल्यास एमएक्स पाहिला जात नाही. खासगी जाळ्यातील शाखेसाठी हा कंस सहसा आवश्यक असतो. शाखेचे डोमेन ‘माय डेस्टिनेशन’मध्ये घालण्याची चूक पुष्कळदा आढळते. तसे केल्यास मुख्य सर्व्हर त्या पेट्या आपल्याकडेच शोधतो आणि ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून मेल परत करतो. ते डोमेन ‘रिले डोमेन्स’मध्येच (मेल पुढे धाडायच्या डोमेनांच्या यादीत) हवे. सोबत शाखेतील खऱ्या पेट्यांची यादीही द्यावी; ती नसेल तर खोट्या नावांची मेल आधी स्वीकारली जाते आणि नंतरची परतपत्रे, ज्याचा पत्ता प्रेषक म्हणून खोटा वापरला त्या तिऱ्हाइताच्या माथी पडतात.

खानापूर तालुक्याच्या घाटमाथ्यावर, कणकुंबी-जांबोटीकडे, पावसाळ्यात लाइन तुटली तर मेल रांगेत थांबते. मुदत न बदलल्यास पोस्टफिक्स ती पाच दिवस ठेवते. लाइन आल्यावर रांग मागून घेण्याची ईटीआरएन ही आज्ञा ऑगस्ट १९९६ च्या आरएफसी १९८५ मध्ये आहे.

जुनी डोमेन : १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले. अशा वेळी संस्थेने डोमेन बदलले, तरी जुन्या नावाची एमएक्स नोंद चालू ठेवून येणारी मेल नव्या पेटीत वळवता येते. जुने डोमेन सोडून दिल्यास ते दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि ठेवीदारांचा पत्रव्यवहार त्याच्या हाती जाऊ शकतो. बाहेरच्या पेटीकडे मेल वळवताना एसपीएफची, म्हणजे मेल प्रेषकाच्या डोमेनने मान्य केलेल्या सर्व्हरवरून आली का याची, तपासणी फसते, म्हणून पाकिटावरचा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो) प्रेषक बदलून लिहावा लागतो.

देवनागरी व कन्नड पत्ते : फेब्रुवारी २०१२ च्या आरएफसी ६५३० ते ६५३३ नुसार @ च्या डावीकडेही भारतीय लिपी वापरता येते. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले आणि पोस्टफिक्सने २०१५ च्या ३.० आवृत्तीत ही सोय दिली. मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणाऱ्या या भागाला हिचा मोठा उपयोग आहे. मात्र मार्गातील प्रत्येक सर्व्हरला ही सोय असावी लागते. एकालाही नसेल तर मेल तेथूनच परत येते. त्यामुळे सध्या अशा प्रत्येक पेटीला रोमन अक्षरांतील दुसरा पत्ता जोडून ठेवणे इष्ट.