दुर्बीण जितक्या जास्त पटींची तितकी चांगली? अजिबात नाही

आकाश बघायला द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर) घेताना पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती पट?’ जास्त पट म्हणजे जास्त तारे, हा समज जुना आहे आणि चुकीचा.

द्विनेत्रीवर १०×५० असे आकडे असतात. त्यातले १० म्हणजे पट; ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. प्रकाश गोळा करतं ते भिंग. आता ५० ला १० ने भागा: डोळ्याकडे ५ मिलिमीटरचा झोत येतो. २०×५० मध्ये तो अडीचच, म्हणून देवयानी दीर्घिकेसारखा पसरट, धूसर ठिपका आणखी फिका पडतो. शिवाय हाताची थरथरही वीस पट! स्टँड नसेल तर गुरूचे चंद्र नुसते नाचत राहतात.

१०×५० मध्ये अख्खी कृत्तिका मावते, वर भोवती काळं आकाशही उरतं. हात फारच थरथरत असेल तर ७×५० घ्या. शहराच्या उजेडात मात्र तिच्यातून आकाश जरा पांढुरकं दिसतं.