राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचा पोर्टफोलिओ: अर्ज नेमका कुठे अडतो

दरवर्षी जून संपता संपता राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचं पोर्टल उघडतं, आणि दरवर्षी मनापासून काम करणारे कितीतरी शिक्षक जिल्ह्याच्या पडताळणीतच मागे राहतात. बहुतेकांचं काम कमी पडलेलं नसतं. पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबत चढवायच्या कामाच्या पुराव्यांच्या संचात, जे लिहिलं ते शाळेच्या दप्तरात सापडत नाही, ही खरी अडचण असते. म्हणून पोर्टलवर नोंदणी, ओटीपी, फोटो चढवणं यांत इथे फार वेळ घालवत नाही. ती कामं शाळेतला कोणीही तरुण सहकारी अर्ध्या तासात करून देईल.

२०१८ पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज करतात. त्याआधी नावं शिफारशीने खालून वर जायची. त्या काळाची सवय अजून गेलेली नाही. ‘आपलं नाव वरून येईल’ म्हणून थांबलेले शिक्षक मी दरवर्षी पाहतो. नाव वरून येत नाही, अर्ज आपणच भरायचा असतो. राज्याचा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले गुणगौरव पुरस्कार वेगळा, त्याचा प्रस्ताव वेगळा. तिकडे फाईल दिली म्हणजे इकडेही अर्ज झाला असं होत नाही.

पात्रतेत तीन ठिकाणी गोंधळ होतो. पहिलं, किमान १० वर्षांची नियमित सेवा लागते. कंत्राटी शिक्षक यात बसत नाहीत. आपल्याकडे नोकरीच्या सुरुवातीला मानधनावर शिक्षणसेवक म्हणून काढलेली ३ वर्षं धरायची का, हा प्रश्न हमखास येतो. त्या वर्षांशिवाय १० भरत असतील तर निर्धास्त अर्ज करा. भरत नसतील तर सेवापुस्तकातली नियमित नियुक्तीची तारीख बघा आणि शिक्षण विभागाकडून लेखी उत्तर घ्या. ‘चालतं हो’ असं तोंडी सांगणारे पडताळणीच्या दिवशी तुमच्या बाजूने उभे राहत नाहीत.

दुसरं, निवृत्ती. पुरस्कार ५ सप्टेंबरला मिळतो, म्हणून त्याआधी निवृत्त होणारे स्वतःच माघार घेतात. नियम तसा नाही. ज्या वर्षाचा पुरस्कार, त्या वर्षात किमान ४ महिने, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत सेवा झाली असेल आणि बाकीच्या अटी पूर्ण असतील, तर विचार होतो. आपल्याकडे मे महिन्यात निवृत्त होणारे बरेच आहेत. जन्मतारखेची १ जून ही नोंद अर्ध्या पिढीच्या दाखल्यांवर आहे, आणि या सगळ्यांनी हा नियम नीट वाचायला हवा. एक हयात वर्गात घालवलेल्या माणसाने गैरसमजापोटी अर्ज न करणं मला फार लागतं.

तिसरं, शिकवणी. खासगी शिकवणी घेत नाही हे तुम्हाला जाहीर करावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार तिला तशीही मनाई आहे. घरी चार मुलं संध्याकाळी बसवत असाल आणि त्यांच्याकडून पैसे घेत असाल, तर अर्जाच्या वाटेला जाऊ नका. गावात ते सगळ्यांना माहीत असतं. विस्तार अधिकारी, डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते यांना हा पुरस्कार नाही. तो शिक्षक आणि मुख्याध्यापकांचा आहे.

आता सगळ्यात अवघड कागद. मागच्या ३ वर्षांचे गोपनीय अहवाल, म्हणजे कार्यमूल्यमापन अहवाल. ते कोणाकडेच नसतात. त्यात ऑनलाइन बदल्यांनी भर घातली आहे. एका वर्षाचा अहवाल या तालुक्यात, दुसरा त्या तालुक्यात, आंतरजिल्हा बदली झाली असेल तर तिसरा दुसऱ्याच जिल्ह्यात. पंचायत समितीत गेलं की ‘गोपनीय आहेत, देता येत नाहीत’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर बरोबर नाही. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितलं आहे की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्यामुळे भांडण न करता गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, आवकचा शिक्का घ्या, प्रत जपा. आणि हे काम डिसेंबर-जानेवारीतच उरका. एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलाच गेला नाही असंही निघतं, आणि ज्यांनी तो लिहायचा ते अधिकारी तोवर बदलून गेलेले असतात. शिक्षकाचा काडीचा दोष नसताना त्याच्या अर्जात भोक पडतं. कार्यालयांनी दर वर्षी वेळेवर प्रती दिल्या तर हा सगळा छळ वाचेल.

नावांचा घोळ शिक्षिकांना जास्त भोवतो. सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दीक्षा या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण पोर्टलच्या प्रमाणपत्रांवर नुसतंच पहिलं नाव किंवा घरातलं लाडाचं. पडताळणी करणारा माणूस या तिघी एकच आहेत असं गृहीत धरणार नाही. नावबदलाचं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा, आणि दीक्षाच्या प्रोफाइलमधलं नाव पुढच्या प्रशिक्षणाआधी दुरुस्त करा.

प्रकाशनांबद्दल मोठा गैरसमज आहे. तिथे मोजतात ते आयएसएसएन (नियतकालिकाचा प्रमाणित क्रमांक) असलेल्या नियतकालिकातले लेख आणि आयएसबीएन (पुस्तकाचा तसाच क्रमांक) असलेली पुस्तकं. तुमच्या शाळेवर स्थानिक दैनिकात आलेली बातमी हे प्रकाशन नव्हे. दिवाळी अंकातली कविता कितीही चांगली असली तरी तिची जागा इथे नाही. हा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. गुणांचा मोठा वाटा वर्गातल्या कामाला आहे, प्रकाशनांसारख्या वस्तुनिष्ठ निकषांचा वाटा त्या मानाने लहान आहे. पैसे घेऊन महिन्याभरात ‘शोधनिबंध’ छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका, हे कळकळीने सांगतो.

मग पोर्टफोलिओत ठेवायचं काय? बहुतेक जण सत्कार ठेवतात. शाल, श्रीफळ, मागे फ्लेक्स, असे साठ-सत्तर फोटो. परीक्षकाला त्यातून तुमच्या वर्गातलं एकही मूल दिसत नाही. त्यापेक्षा एकच उपक्रम घ्या आणि तो पुराव्यानिशी मांडा. समजा तिसरीच्या वर्गात तुम्ही वाचन-लेखनावर काम केलं. एका मुलीच्या वहीचं जुलैमधलं पान लावा, जिथे ‘सूर्य’चं ‘सुरय’ झालंय आणि ओळ अर्ध्यावर सुटली आहे. त्याशेजारी तिचंच फेब्रुवारीतलं पान लावा, आठवडी बाजाराचं वर्णन, आठ ओळी, एका शब्दावर स्वतःच केलेली खाडाखोड. खाली दोन वाक्यांत लिहा: मधल्या महिन्यांत काय केलं, वर्गातली किती मुलं कुठून कुठे आली. त्याला पायाभूत चाचणीचे कागद आणि हजेरीपट यांचा आधार द्या. मुलीचं नाव झाका, पालकांची लेखी संमती घ्या. मुलांचे आधार क्रमांक किंवा दिव्यांगत्वाचे दाखले चढवणं तर कटाक्षाने टाळा.

लोकसहभागातही हेच. ‘गावाने शाळेला टीव्ही आणि संगणक दिले’ असं लिहिता तेव्हा पडताळणी करणारी जिल्हा समिती शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव मागते, आणि त्या वस्तूंची डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद आहे का तेही बघते. वस्तू वर्गात आहे आणि नोंद नाही, असं शंभर शाळांत असतं. पण मागच्या तारखेने नोंद घालू नका. आजच्या तारखेने, खरं कारण लिहून, शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून नोंद करा. पटवाढीचा दावा असेल तर तो यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहिती नोंदीच्या, आकड्यांशी जुळला पाहिजे. पोर्टफोलिओत एक पट आणि यू-डायसवर दुसरा, एवढ्याने बाकी सगळ्या फाईलवरचा विश्वास उडतो.

मजकूर मराठीत असायला हरकत नाही, पण दिल्लीतल्या परीक्षकांना मराठी येईलच असं नाही. प्रत्येक पुराव्याखाली हिंदी किंवा इंग्रजीत दोन ओळी द्या. चित्रफितीची लिंक देत असाल तर ती अनोळखी मोबाइलवर उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक कोणी उघडत बसत नाही.

मुदतीचं सांगायचं तर गेली काही वर्षं खिडकी जूनच्या अखेरीस उघडून जुलैच्या मध्यापर्यंत राहते. नेमका तो काळ प्रवेशाचा, पुस्तकवाटपाचा; विदर्भात तर शाळा त्याच सुमारास सुरू झालेली असते. मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका. नोंदणी आणि अंतिम सादरीकरण या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अर्ज जतन केला आणि झालं असं समजून निवांत बसलेल्यांचे अर्ज मसुद्यातच राहतात. अंतिम सादर झाल्याची पावती डाउनलोड करून छापून घ्या.

पुढे शिक्षणाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती पडताळणी करते. विभागीय चौकशी प्रलंबित नाही ना, हेही तेव्हाच तपासलं जातं. ही समिती तीन नावं राज्य समितीकडे पाठवते, आणि तिथून निवडलेली नावं राष्ट्रीय परीक्षक मंडळापुढे जातात. निवड झाल्यास प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये. जिल्ह्यात प्राथमिक आणि माध्यमिक असे दोन शिक्षणाधिकारी असतात, तेव्हा सादर केल्यावर आठवड्याभरात आपल्या विभागात जाऊन अर्ज त्यांच्या लॉगिनला दिसतो का, एवढं विचारून या. जाताना मूळ कागदांची फाईल पोर्टलवरच्या क्रमानेच लावून न्या, आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत सगळ्यात वर ठेवा.