खऱ्या माहितीसाठी टोकन द्यायचे, पण नेमके कशाचे?

विकिपीडिया 2001 साली सुरू झाला आणि तेव्हापासून तिथे लेख लिहिणारे, संदर्भ तपासणारे, कोणी मुद्दाम केलेला खोडसाळपणा पुसणारे हजारो लोक एक पैसाही न घेता राबतायत. ते बघून बऱ्याच जणांना वाटलं की असंच काहीतरी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरवर मिळून चालणाऱ्या सामाईक नोंदवहीवर, उभं करू, मालक कोणी नको, सर्व्हर एकाच कंपनीचा नको, आणि जो काम करेल त्याला टोकन, म्हणजे त्या नेटवर्कचं डिजिटल नाणं, मिळू देत. कल्पना चांगलीच आहे, पण माझं म्हणणं असं की खरी मेख पैसे द्यायचे की नाही यात नाहीये, ते नेमके कशाबद्दल द्यायचे यात आहे.

2017 मध्ये माइक गोल्डिन यांनी टोकन-क्युरेटेड रजिस्ट्री मांडली. समजा विश्वासार्ह वेबसाइट्सची यादी करायची आहे. यादीत नाव घालायचं तर आधी टोकन डिपॉझिट ठेवायचे, कोणाला ते नाव खटकलं तर त्यानेही तेवढेच टोकन लावून आव्हान द्यायचं, मग बाकीचे टोकनवाले मत देणार. हरणाऱ्याचं डिपॉझिट जप्त, आणि ते जिंकणारा आणि त्याच्या बाजूने मत देणारे वाटून घेणार. दुसऱ्याचं बघून मत देता येऊ नये म्हणून पण सोय आहे: आधी आपलं मत आणि एक गुप्त नंबर एकत्र करून त्याचा हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने बनवलेली एक सांकेतिक खूण, टाकायचा, त्यावरून मत काय ते कोणालाच कळत नाही, आणि सगळ्यांचे हॅश आले की मग मत आणि नंबर उघड करायचे, हॅश जुळला तरच मत धरलं जातं.

पण नीट बघा, पैसे मिळतायत ते बहुमतासोबत राहिल्याबद्दल. ते मत खरं होतं की नाही हे सिस्टिमला कळायचा काही मार्गच नाही.

तरी बहुमतालाच पैसे देण्यामागे अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांचं एक जुनं निरीक्षण आहे. 1960 च्या आसपास त्यांनी ओळखीच्या लोकांना विचारलं होतं, न्यूयॉर्कमध्ये एकाला भेटायचंय पण जागा-वेळ काहीच ठरलेलं नाही आणि बोलताही येत नाही, तर कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोक ग्रँड सेंट्रल स्टेशन म्हणाले, आणि वेळ जवळपास सगळ्यांनी दुपारी 12 सांगितली. सत्य पण असंच सगळ्यांना आपोआप सुचणारं ठिकाण आहे, म्हणून लोक तिथेच जमतील, असा हिशोब. उत्तर सहज तपासता येत असेल तर हे चालतं. पण चुकीचा समज पसरलेला असला की लोक त्या चुकीपाशीच जमतात आणि वर बक्षीसही घेऊन जातात, शिवाय ज्याच्याकडे टोकन जास्त त्याचं मत जड, ही भानगड वेगळीच.

यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय एमआयटीच्या ड्राझेन प्रेलेक यांचा. 2004 मध्ये त्यांनी पद्धत मांडली आणि 2017 मध्ये सहकाऱ्यांबरोबर ती अजून पुढे नेली. प्रश्न घ्या, फिलाडेल्फिया ही पेनसिल्व्हेनियाची राजधानी आहे का? शहर एवढं मोठं आणि प्रसिद्ध की बरेच जण हो म्हणून मोकळे होतात, खरी राजधानी हॅरिसबर्ग. आता प्रत्येकाला अजून एक प्रश्न विचारायचा, किती लोक हो म्हणतील असं तुम्हाला वाटतं? जे चुकलेत त्यांना वाटतं जवळपास सगळेच हो म्हणतील. ज्यांना खरं माहितीय त्यांनाही अंदाज असतो की बरेच जण इथे फसणार, म्हणजे तेही 'हो'चा आकडा मोठाच सांगतात. समजा अंदाजांची सरासरी आली 75 टक्के आणि प्रत्यक्षात हो म्हणाले 65 टक्केच. म्हणजे 'नाही' हे उत्तर अंदाज होता 25 चा आणि मिळालं 35, अपेक्षेपेक्षा जास्त, आणि तेच बरोबर आहे! बहुमत चुकलेलं असतानाही बरोबर उत्तर हाताला लागतं, कारण जाणकारांना दुसऱ्यांची चूकही माहीत असते. अर्थात ज्या गोष्टीबद्दल कोणालाच काही माहीत नाही तिथे ही युक्तीही काही करू शकत नाही.

पैसाच लागतो असंही नाही. 2012 च्या एका प्रयोगात विकिपीडियाच्या सगळ्यात सक्रिय संपादकांपैकी काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून बार्नस्टार, म्हणजे नुसता कौतुकाचा बॅज दिला, तर पुढचे तीन महिने त्यांचं काम बाकीच्यांपेक्षा साधारण 60 टक्के जास्त होतं.

ट्विटरने जानेवारी 2021 मध्ये बर्डवॉच नावाने सुरू केलेल्या आणि आता कम्युनिटी नोट्स म्हणून चालणाऱ्या योजनेतही पैसे नाहीत. प्लॅटफॉर्म एकाच कंपनीचा असला तरी कोड आणि डेटा खुला आहे, त्यामुळे विकेंद्रित नेटवर्कवाल्यांना तो उचलता येतो. तिथे नोट नुसत्या जास्त मतांवर दिसत नाही, एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा लोकांनी ती उपयोगी म्हणावी लागते. त्यामुळे एकाच गटाने हजार लोक आणले तरी फारसं साधत नाही, आणि खोटी अकाउंट्स पटापट काढता येणाऱ्या नेटवर्कवर ही फार मोठी गोष्ट आहे. त्याची किंमतही मोजावी लागते, लिहिलेल्या बहुतेक नोट्स कधी दिसतच नाहीत, आणि ज्या दिसतात त्यातल्या कित्येक खोटी पोस्ट भरपूर फिरून झाल्यावर येतात. टोकन वापरायचेच असतील तर माझ्या मते ते इथे वापरावेत, विरोधी बाजूलाही पटेल अशी नोट लवकर लिहिणाऱ्यासाठी.